रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं घरून काम बंद करू नये, या माझ्या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : ही कोविडमधली सवलत होती, कोविड गेला, तीही जायला हवी. वॉशिंग्टनमधल्या इमारती ओस पडल्यात आणि खर्च करदाते भरताहेत. घरी बसलेल्याचं काम मोजणार कोण? नवे भरती झालेले घरी बसून शिकणार कसे? आणि शेवटी आपल्याकडचा दाखला : तलाठी सजावर नसला की एका फेरफार नोंदीसाठी माणसाला चार खेपा घालाव्या लागतात.

तलाठ्याचा दाखला खरा आहे. म्हणून त्यापासूनच सुरुवात. ते काम समोरासमोरचं आहे. जागेवर जाऊन पंचनामा, जबाब, कागदांची पडताळणी, हे घरून होत नाही, आणि ते घरून व्हावं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. अमेरिकेतही तशी कामं घरी गेलीच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला अहवाल पाहा. सुमारे २२.८ लाख नागरी कर्मचाऱ्यांपैकी ५४ टक्के लोकांचं काम पूर्णवेळ जागेवरचंच होतं : रुग्णालयातल्या परिचारिका, विमानतळावर सामान तपासणारे, मांसाच्या कारखान्यातले निरीक्षक. पूर्णपणे घरून काम करणारे होते सुमारे २ लाख २८ हजार, म्हणजे दहा टक्के. मधले जे काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम करत, त्यांचेही साठ टक्क्यांहून जास्त तास कार्यालयातच जात होते. 'सगळं सरकार घरी बसलंय' हे चित्र या आकड्यांत बसत नाही.

कोविडची सवलत हा मुद्दा मात्र सरळ चुकीचा आहे. टेलिवर्कचा, म्हणजे घरून कामाचा, कायदा डिसेंबर २०१० चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्फाच्या वादळांनी वॉशिंग्टनमधली सरकारी कार्यालयं चार दिवसांहून जास्त बंद पडली होती, आणि घरून काम सुरू राहण्याची सोय असायला हवी या बाजूचं पारडं त्याने जड झालं. कर्मचारी आणि वरिष्ठ यांच्यात लेखी करार, प्रत्येक खात्यात जबाबदार अधिकारी, दरवर्षी काँग्रेसला अहवाल, हे सगळं त्या कायद्यातच आहे. कोविडने संख्या वाढवली, व्यवस्था आधीची आहे.

आता मोजमाप. तुमचा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जरा सविस्तर. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्येच पेटंटचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना घरून काम दिलं. का जमलं? कारण तिथलं काम मुळातच मोजलेलं असतं. परीक्षकाची श्रेणी आणि तंत्रज्ञानाचं क्षेत्र पाहून एका अर्जाला किती तास द्यायचे ते ठरलेलं असतं. पहिल्या तपासणीला १.२५ गुण, पुढे अंतिम नकार आणि निकाल मिळून एका अर्जाचे दोन गुण पूर्ण होतात. चौदा दिवसांच्या पगार-कालावधीत किती गुण झाले ते वरिष्ठाला दिसतं, मग परीक्षक व्हर्जिनियात असो की कोलोरॅडोत.

आणि तरीही तिथे गडबड झाली, हेही सांगायलाच हवं. २०१६ मध्ये, पेटंट कार्यालय ज्याच्या अखत्यारीत येतं त्या वाणिज्य खात्याच्या महानिरीक्षकांनी परीक्षकांच्या वेळपत्रकावरचे तास पडताळले. एका बाजूला भरलेले तास. दुसऱ्या बाजूला दरवाज्यावरच्या ओळखपत्राच्या नोंदी, सरकारी नेटवर्कवर लॉगिनच्या नोंदी आणि संगणकावर झालेल्या कामाच्या नोंदी. २,८८,४७९ तासांना आधार सापडला नाही, म्हणजे सुमारे १ कोटी ८३ लाख डॉलर. पण त्यातले ४३ टक्के तास फक्त ४१५ जणांच्या नावावर होते. माझ्या दृष्टीने यातला धडा असा : चोरी पकडली ती नोंदींच्या पडताळणीने, आणि बोट ठेवायचं तर त्या ४१५ जणांवर ठेवता येत होतं. नुसत्या गुणांवर विसंबलं तर हुशार माणूस कमी वेळात कोटा पुरा करून उरलेले तास फुकट भरतो. म्हणून गुण आणि नोंदी दोन्ही लागतात. कार्यालयात बसवलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आठ तास खुर्चीत बसून दोन तासांचं काम करणारा तुम्हाला माहीत असेलच.

पगाराचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत नव्हता, पण तुमची बाजू तिथे खरोखर भक्कम आहे. केंद्र सरकारच्या मूळ पगारावर शहरानुसार भत्ता मिळतो. २०२५ मध्ये वॉशिंग्टन परिसराला ३३.९४ टक्के, आणि ज्या भागांना वेगळा दर नाही त्यांना १७.०६ टक्के. मूळ पगार ८०,००० डॉलर धरला, तर वॉशिंग्टनमध्ये १,०७,१५२ आणि दूरच्या गावात ९३,६४८. वर्षाला साडेतेरा हजारांचा फरक. नियम असा की चौदा दिवसांत निदान दोनदा कार्यालयात आलात तर भत्ता कार्यालयाच्या शहराचा, एरवी घराच्या गावाचा. माणूस गाव बदलतो, वरिष्ठ नोंद बदलत नाही आणि जास्तीचा पगार जात राहतो. अशी प्रकरणं तपासण्यांत सापडली आहेत आणि ती माफ करण्यासारखी नाहीत. पण त्याला उपाय साधा आहे : दर पगार-कालावधीला ओळखपत्राच्या नोंदी पगाराच्या यादीशी ताडून पाहणं.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने मात्र उलटं केलं. पदं, काम, नोंदी काही न तपासता सगळ्यांना पूर्णवेळ कार्यालयात बोलावलं. त्यामागून आलेल्या सूचनांत अपवाद ठेवले ते अपंगत्व, आजारपण किंवा खातेप्रमुखाने मान्य केलेल्या सबळ कारणापुरते. ज्याचं घर आपल्या खात्याच्या कार्यालयापासून पन्नास मैलांहून लांब, त्याची नेमणूक त्याच्या कामाला साजेशा कार्यालयात हलवायची. कागदावर हे बरं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. माणूस कधी दुसऱ्याच खात्याच्या इमारतीत उसन्या टेबलावर बसतो. त्याचा वरिष्ठ दुसऱ्या राज्यात, सहकारी तिसऱ्या. मग दिवसभर हेडफोन लावून व्हिडिओवर त्याच बैठका, ज्या तो घरून करत होता. भर पडली ती येण्याजाण्याची आणि एका टेबलाच्या भाड्याची. माजी सैनिकांना व्हिडिओवर समुपदेशन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं तर आणखी अवघड. त्यांना बंद दाराची खोली लागते. उघड्या दालनात रुग्णाचं बोलणं शेजारच्या टेबलापर्यंत जातं, आणि तसं झालं तर रुग्ण मोकळेपणाने बोलणार कसा?

इमारतींबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओने २०२३ च्या पहिल्या तिमाहीतला वापर मोजला, तेव्हा २४ पैकी १७ खात्यांची मुख्यालयं क्षमतेच्या २५ टक्के किंवा त्याहून कमी भरलेली होती. इमारती चालवायला वर्षाला सुमारे दोन अब्ज डॉलर लागतात, माणसं येवोत न येवोत. पण मग जास्तीच्या इमारती विकायच्या की त्या भरायला माणसं बोलवायची? मार्च २०२५ मध्ये, लोक परत येत असतानाच, सरकारी इमारती सांभाळणाऱ्या जीएसएने विकता येतील अशा ४४३ मालमत्तांची यादी जाहीर केली आणि एक-दोन दिवसांत ती आधी कापली, मग काढूनच टाकली. आधी पदवार ठरवायचं की कोण कुठे बसणार, त्यावरून टेबलं मोजायची, मग इमारत ठेवायची की सोडायची ते पाहायचं. इथे तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

नव्या भरतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र माझ्या लेखात एका ओळीत उरकलं होतं, आणि तिथे तुमचं बरोबर आहे. पहिल्या वर्षी माणूस शेजारच्याला विचारून शिकतो : कोणती फाइल कुठे अडते, कोणता शेरा कसा लिहायचा. हे व्हिडिओवर नीट होत नाही, कारण दहा वेळा विचारायचं असतं आणि दहा वेळा फोन करायला नवखा कचरतो. प्रशिक्षणाच्या काळात नव्यांनी कार्यालयात यावं, आणि त्यांना शिकवणाऱ्या जुन्यांनीही त्याच दिवशी यावं, नाहीतर नवखे रिकाम्या दालनात एकटेच बसतील. तो परिच्छेद लेखात दुरुस्त करून टाकला आहे. पुन्हा वाचून काही सुटलं असेल तर कळवा.