पांढऱ्या वाघाच्या काढ्यात वाघ कुठंय?

चिनी औषधांच्या नावांवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट वाचली, जरा झोंबली. तुमचं म्हणणं असं की चिनी औषधांची नावं म्हणजे गिऱ्हाईक गाठायची कविता, 'पांढरा वाघ' म्हटलं की आत वाघाचं काहीतरी असणारच, आणि मी ते गोग्गोड करून लिहिलं.

आधी वाघच बघू. बायहू थांग, म्हणजे 'पांढऱ्या वाघाचा काढा', साधारण १८०० वर्षं जुना. त्यात जिप्सम, एक मूळ, ज्येष्ठमध आणि चक्क मूठभर तांदूळ. बास! पांढरा वाघ हा चिनी लोकांचा पश्चिमेचा राखणदार, पश्चिम म्हणजे शरद ऋतू आणि गारवा (आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबर हीट, ते सोडा). पेशंट तापाने फणफणलाय, घामाने निथळतोय, सारखं पाणी मागतोय, अशा वेळी द्यायचा काढा, म्हणून हे नाव. वैद्यकी शिकणाऱ्या पोराला काढा कधी द्यायचा ते नावावरूनच आठवतं.

आणि सगळीच नावं अशी फुलोऱ्याची नसतात हो. थांग म्हणजे काढा, सान म्हणजे चूर्ण, वान म्हणजे गोळी, त्याच्या आधी मुख्य औषध, की झालं नाव. ल्यूयी सान म्हणजे 'सहा-एक चूर्ण', सहा भाग शंखजिरं आणि एक भाग ज्येष्ठमध, म्हणजे प्रमाणच नावात! 'चार सज्जन' आणि 'चार वस्तू' हे दोन काढे एकत्र केले की 'आठ रत्नं'. आपण त्रिफळा, दशमूळ म्हणतो तसाच हिशोब. यात कविता कुठंय सांगा.

पण तुमचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही कबूल करतो. 'दबा धरलेला वाघ' नावाच्या गोळ्यांत खरोखर वाघाचं हाड असायचं, चीनने १९९३ साली त्या हाडांच्या व्यापारावर बंदी घातली. शिवाय मी ज्याचं भरभरून कौतुक केलं ते 'नकळत हसू' चूर्ण, म्हणजे दुखणं असं थांबतं की माणूस हसतोच म्हणे, त्यात पाणकणसाचे पराग आणि उडत्या खारीच्या लेंड्या असतात. ते मी लिहिलंच नव्हतं, नाव गोड वाटलं आणि पुढे गेलो. तिथे तुम्ही बरोबर पकडलंत. नाव छान म्हणून औषध लागू पडतं असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही, परत वाचा हवं तर.

लेंड्यांची ओळ आत्ताच पोस्टमध्ये टाकलीये.