‘जे झाले ते चांगल्यासाठीच झाले’ हा गीतेतील श्लोक नाही: एक खुलासा

‘जे झाले ते चांगल्यासाठीच झाले, जे होत आहे तेही चांगल्यासाठीच, तुझे काय गेले म्हणून तू रडतोस?’ हा मजकूर ‘गीतासार’ म्हणून पुन्हा फिरत आहे आणि गेल्या आठवड्यात मीही तो श्रीकृष्णाचे वचन समजून पुढे पाठवला होता. त्यानंतर गीतेचे 18 अध्याय, म्हणजे 700 श्लोक, अर्थासह पडताळून पाहिले. हा मजकूर त्यांतील कोणत्याही श्लोकाचा अनुवाद नाही.

बेत फसल्यावर गीता जे सांगते ते अधिक कठीण आणि, माझ्या मते, अधिक आधार देणारे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या 48व्या श्लोकात सिद्धी (यश) आणि असिद्धी (अपयश) यांत सम राहून कर्म करण्यास सांगितले आहे. तेथे असिद्धीला चांगले म्हणण्याचा आग्रह नाही. 18व्या अध्यायाच्या 14व्या श्लोकात कार्याची कारणे मोजताना अधिष्ठान (कर्माचा आधार), कर्ता, साधने आणि विविध प्रयत्न यांच्यानंतर पाचवे कारण म्हणून दैव येते, त्यामुळे मनापासून झटूनही यश न आलेल्या माणसावर सगळा दोष येत नाही. शरण येण्यास सांगून ‘शोक करू नकोस’ असे दिलेले आश्वासन त्याच अध्यायाच्या 66व्या श्लोकात आहे, आणि ते अर्जुनाचे सर्व प्रश्न ऐकून घेतल्यानंतरचे आहे.

‘जे झाले ते चांगल्यासाठीच’ हा विचार कोणाला भावत असेल तर त्यांनी तो स्वतःचा म्हणून जरूर लिहावा, पण गीतेचे नाव जोडून पुढे पाठवू नये, विशेषतः नुकतेच दुःख झालेल्या घरी. माझा संदेश ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हा खुलासाही तेथेच पाठवावा, ही कळकळीची विनंती.