"काकू, जरा बाजूने या"

आज दुपारी मोबाइलवर आमच्या धावण्याच्या शर्यतीची लिंक आली. 'अभिनंदन! आपलं ई-प्रमाणपत्र तयार आहे.' माझं उघडून बघितलं. नाव बरोबर, वेळ चुकीची. म्हटलं जाऊ दे. मग वहिनींचा बिब नंबर (छातीवर लावतात तो) टाकला. त्यांच्या नावापुढे वेळच नाही. तिथे तीन अक्षरं. डीएनएफ.

वहिनी शेजारीच कुळीथ निवडत बसल्या होत्या. "काय गो, माझा इला?" म्हणून डोकावल्या. "डीएनएफ म्हणजे काय गो?"

मी म्हटलं, "शर्यत पूर्ण केली नाही असं लिहिलंय."

त्या जरा थांबल्या. "पण मी पोचलंय ना गो?" म्हणाल्या आणि परत कुळथात हात घातला.

शर्यतीच्या त्या रविवारपासून मी गप्प होते. पहिलंच वर्ष आहे, आपलीच माणसं आहेत, चुका होतात, असं स्वतःला समजावत होते. आता नाही गप्प बसवत. शहराचं नाव लिहीत नाही, आयोजकांचंही नाही. त्यातल्या निदान तिघांशी माझी पुढच्या लग्नसराईत गाठ पडणार आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आपल्याच किनाऱ्यावरचं शहर आहे, एवढं पुरे.

आधी वहिनींबद्दल. माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ५७. तीन वर्षांपूर्वी साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. साडीवर बूट घालून सड्यावर चालायला लागल्या. मग एक दिवस म्हणाल्या, चालून कंटाळा येतो, जरा धावून बघू काय? देवगडकडचा आमचा सडा तुम्हाला माहीत आहे. सगळा कातळ, मध्ये मध्ये कलमं, सावली अशी नाहीच. पहाटे साडेपाचला हातात बॅटरी आणि काठी, कारण कुत्रे आहेत आणि अधूनमधून बिबट्याही फिरतो. मी आधीपासून धावायची, मुंबईची हाफ (अर्धी मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर) एकदा केलेली, पण खरं सांगते, शिस्त मी त्यांच्याकडून शिकले. ज्या बाईने वीस वर्षं डोक्यावर दोन हंडे घेऊन पाखाडी चढली तिला चढ म्हणजे काय हे मी काय शिकवणार!

तर २१ किलोमीटरला दोघींनी नावं घातली. प्रत्येकी नऊशे रुपये. वहिनींनी स्वतःचे भरले, कोकमं विकलेल्या पैशातून. मी भरते म्हटलं तर ऐकेनात.

अर्जावर लिहिलं होतं, शर्यत पहाटे साडेपाचला सुटेल, २१ ला साडेतीन तासांची मुदत. आम्ही पावणेपाचला हजर. सुटली सहा वीसला. का? पाहुणे यायचे होते. पन्नास मिनिटं शेकडो माणसं अंधारात नुसती उभी, स्टेजवर एक जण आम्हाला हात वर करून नाचायला सांगतोय, आणि बायकांसाठी दोन फिरती शौचालयं, त्यातल्या एकाला कुलूप. (किल्ली ज्याच्याकडे होती तो पाहुण्यांना आणायला गेला होता. खोटं वाटेल, पण खरं आहे.) मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून बघणारी माणसं आपण, पन्नास मिनिटांचं काय एवढं असं तुम्ही म्हणाल. धावणाऱ्याला पन्नास मिनिटांचं फार असतं. थंडीचे दिवस असले तरी आपल्याकडे साडेआठनंतर ऊन कसं लागतं ते मी सांगायला नको. आणि हवा ओली. घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला तर अंग थंड होणार ना!

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉनमध्ये कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याने अंगाला मेण चोपडलं होतं असं सांगतात, त्यामुळे घामाला वाटच राहिली नाही. आमच्या हवेत मेण चोपडायची गरज नाही, ते फुकट मिळतं. म्हणून पाणी लागतं, मीठ लागतं. आम्हाला पाणी होतं कुठपर्यंत? नऊ किलोमीटरपर्यंत. १० वाले आणि २१ वाले एकाच रस्त्यावर सोडले, पुढच्यांनी दोन-दोन बाटल्या उचलल्या, मागे आलेल्यांना रिकामी खोकी. अकरापासून सतरापर्यंत थेंब नाही. टेबलं होती हां! टेबलावर चादरपण होती. ओआरएस सोडा, साधी मिठाची डबी नाही. रुग्णवाहिका एकच, ती स्टेजजवळ, पाहुण्यांना चक्कर आली तर.

चौदाव्या किलोमीटरला रस्त्याकडेला एक बाई सुकट वाळत घालत होती. मला बघून तिने स्वतःची बाटली पुढे केली. मी म्हटलं, मागून माझी जाऊ येतेय, तिला ठेवा. म्हणाली, "तिका आसा, तू घे." आणि खरंच, वहिनी तिथे आल्या तेव्हा तिने घरातून कळशी आणून ठेवली होती, वर पेला. तिला कोणी टी-शर्ट दिला नव्हता की फलकावर तिचं नाव नव्हतं. मुंबईला पेडर रोडच्या चढावर लोक घरातून संत्री, चिक्की घेऊन उभे राहतात त्याचं केवढं कौतुक होतं. आमच्याकडच्या त्या कळशीचा फोटो कोणी काढला नाही. मीसुद्धा नाही.

मुलांबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. कॉलेजची पोरं पहाटे चारपासून उभी, पोटात काही नाही, कोणी त्यांना रस्ता नीट समजावलेला नाही. वळणावरचे शंकू कोणीतरी ठरल्या जागेच्या अलीकडेच ठेवले आणि त्या बिचाऱ्यांनी सगळ्यांना तिथूनच परत फिरवलं. माझ्या घड्याळात शेवटी २०.३. आयोजक म्हणतात, मॅडम, घड्याळं चुकतात. चुकतात, मान्य. पण जे धावतात त्यांना माहीत आहे की घड्याळ बहुतेक वेळा अंतर वाढवून दाखवतं, कारण आपण वळणावर आत-बाहेर करत धावतो. कमी दाखवलं तर रस्त्याचंच काहीतरी चुकलंय. रीतसर मोजणी सायकलवरून होते, चाकाला मोजणीचं यंत्र लावून, आणि रस्ता कमी भरू नये म्हणून हजारात एक या हिशोबाने वाढवून धरतात. २१ किलोमीटरला २१ मीटर जास्त. जास्त! आम्हाला २१.१ च्या जागी २०.३, म्हणजे आठशे कमी दिले. गोणीत एवढी घट आली असती तर याच माणसांनी आंब्याच्या दलालाला उभा सोलला असता.

बरं, हे सगळं मी सोडून दिलं असतं. देवाशप्पथ सोडलं असतं.

मी आठ अठ्ठेचाळीसला पोचले. मेडल मिळालं, केळं मिळालं, अर्धं काळं. वहिनींना घ्यायला परत मागे निघाले तेव्हा बघते तर नऊला एक मुलगा रस्त्यावरची, वेळ नोंदवणारी टायमिंगची मॅट गुंडाळतोय. मी म्हटलं, अजून माणसं यायची आहेत. म्हणाला, "कट-ऑफ संपला." मी म्हटलं, अरे, साडेतीन तास म्हणजे सहा वीसमध्ये मिळव, नऊ पन्नास होतात. त्याने कागद दाखवला. कागदावर नऊ. साडेपाच अधिक साडेतीन. शर्यत उशिरा सुटली हे सगळ्या गावाला माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं.

वहिनी नऊ पंचविसाला वळणावर दिसल्या. तीन तास पाच मिनिटं. ओढणी कमरेला खोचलेली, चेहरा लाल, पण पाय टाकत होत्या तसेच, सड्यावर टाकतात तसेच. पुढे ती हवेची मोठी कमान, 'फिनिश' लिहिलेली. आणि त्याच क्षणी कोणीतरी पंख्याची वायर काढली. कमान हळूहळू मान टाकत खाली आली आणि रस्त्यावर आडवी पडली. दोन पोरं तिच्यावर बसून हवा काढायला लागली, गादीवर बसावं तशी. वहिनी धावत आल्या तर समोर हे लोळणारं कापड. एक जण ओरडला, "काकू, जरा बाजूने या हां!"

आणि त्या बाजूने गेल्या. गटाराच्या कडेने. थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत.

स्टेजवर तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं.

मेडलं संपली होती. ५ किलोमीटरच्या शाळेच्या मुलांना वाटली म्हणे, आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या गळ्यात एकेक, जे कोणी शंभर मीटर पण धावले नव्हते. मी माझं काढून वहिनींच्या गळ्यात घालायला गेले तर त्यांनी हात धरला. "तुझा तुझ्याकडे ठेव गो." तेवढंच.

(थांबा, कुकर बघून येते.)

हां. तर कुकर बघताना डोक्यात आलं ते लिहिते, नाहीतर विसरेन. आपल्याकडे देवळात समाराधना असते, तीनशे पानं उठतात, कोणी इव्हेंट मॅनेजमेंट शिकलेलं नसतं. तरी शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणी पत्रावळ उचलत नाही. शिमग्याला पालखी प्रत्येक दारात थांबते. शेवटच्या घराला कोणी सांगत नाही की तुमचा कट-ऑफ संपला. ही अक्कल आपल्याकडे आहे, बाहेरून आणायला नको, असं मी लिहिणार होते.

पण ते पूर्ण खरं नाही, आणि वहिनी शेजारी बसलेल्या असताना मला ते लिहवत नाही. शेवटची पंगत असते कोणाची? वाढणाऱ्या बायकांची. तोवर गोड संपलेलं असतं, भजी संपलेली असते, भाताची खरड आणि आमटीचं पाणी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, वहिनी कायम त्याच पंगतीला. पस्तीस वर्षं. आणि माझ्यासाठी एक जिलबी पदराखाली झाकून ठेवायच्या, मी नवी म्हणून. त्यांच्यासाठी कोणी ठेवल्याचं आठवत नाही. मीपण नाही ठेवली, कबूल करते.

आयुष्यात पहिल्यांदा ही बाई पैसे भरून, नाव नोंदवून, छातीवर नंबर लावून पहिल्या पंगतीला बसायला गेली होती. आणि तिथेही तिच्यासमोर पातेलं उपडं करून दाखवलं.

आता राग ओसरलाय. नुसतं वाईट वाटतंय.

संध्याकाळी फोन केला होता आयोजकांना. अगदी गोड बोलले. "ताई, पुढच्या वर्षी नक्की सुधारू. पण आपल्याच माणसांनी असं बोलायचं? कोकणाची बदनामी होते." परत चढला ना राग! बदनामी मी करतेय? आणि 'आपली माणसं' म्हणजे गप्प बसणारी माणसं, ही व्याख्या कोणी ठरवली? निदान कोणीतरी काहीतरी करतंय, हेही ऐकवलं. करतायत, बरोबर आहे, मीही त्यासाठीच गेले होते. निकाल दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणाले मॅटवर नोंद नाही, आता काही करता येत नाही.

करता येत नाही? मघाशी त्या स्टॉकहोमचं लिहिलं ना, त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार होऊन मध्येच थांबला. वाटेतल्या एका घरी त्याला प्यायला दिलं, आणि तो कोणालाच न सांगता परस्पर मायदेशी गेला. १९६७ साली स्वीडनच्या लोकांनी त्याला परत बोलावलं, म्हातारा झालेला, आणि राहिलेली शर्यत पूर्ण करायला लावली. वेळ लिहिली, ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. त्यांनी ५४ वर्षं वहीचं पान मिटलं नाही. तुमच्याच्याने पंचवीस मिनिटं वायर काढायची थांबवली नाही.

हे मी वहिनींना जेवताना सांगितलं. त्यांना कानाकुरी फार आवडला. "आणि त्येच्या बायकोक काय वाटला असतला?" एवढं विचारून झालं. मग रस्ता कमी भरल्याचं सांगितलं, ते त्यांना इतके दिवस बोलले नव्हते. हात धुताना म्हणाल्या, "म्हणजे माझे आठशे मीटर रवले काय गो?"

मी म्हटलं, तुमचे एकटीचे नाहीत, सगळ्यांचेच राहिले, पहिल्या आलेल्याचेसुद्धा.

"तेंचा ते बघतीत."

आता बूट ओट्यावर काढून ठेवलेत, बॅटरीत सेल घातलेत. उद्या साडेपाचला जाणार आहेत. माझं घड्याळ मागितलंय. मी मघाशी नकाशावर बघितलं, आमच्या गेटपासून रवळनाथाच्या देवळापर्यंत आणि परत, आठशे वीस मीटर भरतं. मी गेटवर उभी राहणार आहे, पाणी आणि मीठ घेऊन.

जाताजाता विचारत होत्या, केवढा लिवतंस? कोणाचा नाव घालू नको हां.

नाही घातलं.