बाटली भरायची कुठे?

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत क्रीडास्पर्धा झाल्या. पालक-शिक्षक संघात असल्यामुळे संध्याकाळी आवराआवरीला मी थांबले होते. खुर्च्यांखाली, पायऱ्यांवर, मैदानाच्या कडेला पाण्याच्या छोट्या बाटल्यांचा नुसता खच पडला होता. बहुतेक अर्ध्या भरलेल्या. शाळेतल्या मावशी एकेक बाटली उचलत होत्या, झाकण पिळून उघडत होत्या, पाणी झाडाच्या आळ्यात ओतून बाटली गोणीत टाकत होत्या. मी म्हटलं, तशाच भरा की. तर म्हणाल्या, "पाण्यासकट भंगारवाला घेत नाही ताई." मग मीही त्यांच्या शेजारी बसले. वीसेक झाकणं उघडेपर्यंत माझी बोटं लाल झाली. मावशींच्या अजून दोन गोण्या भरायच्या होत्या.

त्यानंतरच्या बैठकीत ठरलं, की मुलांनी घरून स्टीलची बाटली आणायची, विकतची बाटली शाळेत चालणार नाही. तसा ग्रुपवर मेसेजही आला. निर्णय चांगलाच आहे, मीही हात वर केला होता. पण घरी लेकीला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "आई, माझी बाटली मोठ्या सुट्टीतच संपते. मग भरायची कुठे?"

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी पाण्याची जागा पाहिली. पाच तोट्या, त्यातल्या दोन चालू. तोटी आणि खालचा कट्टा यांत वीतभरही अंतर नाही. स्टीलची उंच बाटली त्याखाली उभी राहतच नाही, तिरकी धरावी लागते आणि जेमतेम अर्धी भरते. खाली शेवाळ. भिंतीपलीकडे मुलांची मुतारी, वास थेट इकडे येतो. वरची टाकी शेवटची कधी धुतली, ते कुणालाच नक्की सांगता येईना. आता सांगा, अकरा-बारा वर्षांचं पोर तिथं पाणी पिईल, की गेटसमोरच्या टपरीवरून थंडगार बाटली घेईल?

मुलींचं तर वेगळंच आहे. त्यांच्या स्वच्छतागृहाची अवस्था अशी, की तिकडे जावं लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. एरवी बाटली संपवणारी माझी लेकही कधीकधी भरलेली बाटली तशीच घरी आणते. आणि शाळा सुटली की कोरड पडलेल्या घशानं टपरीवर बाटली विकत घेते. म्हणजे घरचं पाणी दप्तरात आणि प्लास्टिकची बाटली हातात. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शाळेतला बाटल्यांचा कचरा तोटीपाशी सुरू होतो. मुलांना शिस्त नाही, पालक लक्ष देत नाहीत, हे सगळं नंतरचं. पिण्याचं सुरक्षित आणि पुरेसं पाणी देणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेवर घातलेलं बंधन आहे. ते नीट पाळलं तर निम्म्या बाटल्या आपोआप थांबतील, असं मला मनापासून वाटतं.

बंदीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, तेव्हा बाटल्यांवर परत घेण्याची किंमत छापायची असं ठरलं होतं. बाटली परत देऊन दुकानदाराकडून पैसे घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आली, तिच्या यादीत स्ट्रॉ आहेत, पेले-ताटल्या आहेत, पाण्याची बाटली नाही. आणि भंगारात गेलेल्या बाटलीची परत पाण्याची बाटलीच होते असंही नाही, बरीचशी पुढे कापडाच्या धाग्यात जाते. त्या धाग्याचं पुढे काय होतं, ते आपण कुणी बघत नाही.

केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा द्यायला सुरुवात केली. मला ती कल्पना मनापासून आवडते. तास चालू असताना पाणी प्यायलं तर बाई काय म्हणतील, ही भीतीच उरत नाही. पण घंटा झाल्यावर मुलं जिथं जातील, तिथं पाणी हवं आणि शेजारी जाण्यासारखं स्वच्छतागृह हवं.

पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. तोट्या हातभर वर घ्यायच्या, बाटली सरळ उभी राहील एवढ्या. आमच्या प्लंबरला विचारलं, तो म्हणाला एका दिवसाचं काम आहे. टाकी धुतल्याची तारीख टाकीखालच्या भिंतीवर रंगाने लिहायची, मुलांना दिसेल अशी. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल सूचनाफलकावर लावायचा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी. स्नेहसंमेलनाला बाटल्यांचे बॉक्स मागवण्याऐवजी तोटीचे जार आणि स्टीलचे पेले, ते विसळायची पाळी पालकांची. पहिली पाळी मी घेते.

तुमच्या मुलांच्या शाळेत पाण्याची जागा कशी आहे? एकदा आत जाऊन, स्वतः तोटी सोडून बघा आणि इथे लिहा. बैठक शनिवारी आहे, तेव्हा जमल्यास त्याआधी.