परवडत नाही ते नेमकं काय? भोसरीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण गेल्या लेखावर आलेल्या सगळ्या प्रतिक्रियांमध्ये तीच सर्वांत कामाची आहे. म्हणून 'धन्यवाद' म्हणून न सोडता जरा सविस्तर लिहितो. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. प्रदूषण मुळातच कमी केलं तर कंपनीचे पैसे वाचतात, असं मी लिहिलं होतं आणि अमेरिकेतल्या थ्रीएम (3M) कंपनीने १९७५ साली सुरू केलेल्या 'पोल्यूशन प्रिव्हेन्शन पेज' (Pays, म्हणजे प्रदूषण टाळणं फायद्याचं) या कार्यक्रमाचं उदाहरण दिलं होतं. त्यावर भोसरी एमआयडीसीत प्लेटिंगचं (धातूच्या पार्टवर निकेल, झिंक वगैरेचा मुलामा देण्याचं) जॉबवर्क करणारे हे वाचक म्हणतात: ही सगळी मोठ्या कंपन्यांची चैन आहे. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) चालवायला रोज पैसे जातात, ग्राहक पीसमागे दहा पैसे वाढवून देत नाही, आणि शेजारचा रात्री सगळं नाल्यात सोडून माझ्यापेक्षा कमी रेट देतो. वर "त्या थ्रीएमचं पुढे काय झालं तेही लिहा की" असा टोलाही आहे. शेवटी आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घ्यावं का, असा प्रश्न आहे.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ईटीपीतून नफा होत नाही. चुना, कॉस्टिक, मेटाबायसल्फाइट, गाळ पिळायच्या फिल्टर प्रेसचं कापड, वीज आणि त्यावर एक माणूस, एवढं सगळं घालून हाती काय येतं, तर गाळ. तो रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा तर पुन्हा वजनावर पैसे. यात फायदा आहे असं कुणी सल्लागार सांगत आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ५ जूनला, पर्यावरण दिनी, फ्लेक्सखाली रोप लावून फोटो काढण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरही मला काही म्हणायचं नाही, फ्लेक्ससुद्धा प्लॅस्टिकचाच असतो एवढंच.

पण ईटीपीत जे येतं ते कुठून येतं? पैसे तिथे अडकलेत, म्हणून तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेतो.

निकेलच्या टाकीतून जिग (पार्ट अडकवायची चौकट) वर येते तेव्हा तिच्याकडे जरा थांबून बघा. पार्टच्या खालच्या कडेवरून आधी धार लागते, मग भराभर थेंब, मग थांबून थांबून एकेक. पीसरेटवर काम करणारा पोरगा धार संपायच्या आत जिग रिन्समध्ये, म्हणजे धुण्याच्या पाण्याच्या टाकीत, बुडवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भरलेली जिग दोन्ही हातांनी अधांतरी धरून उभं राहण्याचे त्याला कोण पैसे देतो? दुपारपर्यंत रिन्सचं पाणी पोपटी झालेलं असतं. तो पोपटी रंग म्हणजे तुम्ही विकत आणलेलं निकेल आहे.

आता हिशोब करू. समजा, तासाला एक लिटर बाथ (टाकीतलं निकेलचं द्रावण) असा पार्टला चिकटून बाहेर जातो. मधल्या आकाराच्या लाइनला हे अशक्य नाही. बाथमध्ये लिटरला ७० ग्रॅम निकेल धरलं आणि दिवसाला सोळा तास काम, तर रोज १,१२० ग्रॅम निकेल रिन्समध्ये गेलं. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ३३६ किलो. निकेलचा भाव वरखाली होत असतो. किलोला हजार रुपयेच धरले तरी सव्वातीन लाखांच्या वर जातं. आणि ही फक्त खरेदीची बाजू झाली. तेच निकेल पाण्यातून काढायला पुन्हा कॉस्टिक आणि चुना लागतो. त्याचा गाळ धातूच्या कितीतरी पट वजनाचा होतो, कारण त्यात चुना असतो आणि प्रेसमधून निघाल्यावरही त्यात बरंचसं पाणीच असतं. ते पाणीसुद्धा तुम्ही ट्रकमध्ये घालून किलोच्या भावाने रांजणगावला पाठवता. एका धातूचे तीनदा पैसे.

यावरचा पहिला उपाय फुटकळ वाटेल असा आहे. टाकीच्या वर आडवा पाइप टाका. पोऱ्याने जिग काढून त्यावर अडकवायची, पुढची जिग भरायची, तोवर पहिली टाकीतच निथळेल. वाटीसारखे पार्ट असतील तर ते पालथे किंवा एक कोपरा खाली येईल असे जिगवर लावायचे, म्हणजे त्यात बाथ भरून वर येत नाही. याला भांडवल असं काही लागत नाही.

दुसरा उपाय पाण्याचा. एकाच रिन्सच्या टाकीत वाहत्या पाण्याने हजारपट पातळ करायचं असेल, तर एक लिटर चिकटलेल्या बाथला हजार लिटर पाणी लागतं. तीच टाकी दोन भागांत विभागली, पाणी पार्टच्या उलट दिशेने शेवटच्या भागातून पहिल्यात येऊ दिलं, तर तेवढ्याच धुलाईला साधारण ३२ लिटर पुरतं. तीन भाग केले तर दहा. हे मी कुठल्या परदेशी अहवालातून आणलेलं नाही. हजारचं वर्गमूळ आणि घनमूळ आहे, प्रत्यक्षात पाणी नीट ढवळलं गेलं नाही तर थोडं जास्त लागतं इतकंच. तुम्ही म्हणाल शेडमध्ये जागा नाही, आणि भोसरीतले शेड बघितलेल्या माणसाला ते मान्यच करावं लागेल. म्हणून नवी टाकी नको. आहे त्याच टाकीत पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा) पत्रा वेल्ड करून घ्या. उन्हाळ्यात टँकर किती कमी लागले ते एप्रिल-मेमध्ये कळेल.

तिसरा उपाय मात्र सगळीकडे चालत नाही. निकेलचा बाथ ५०–६० अंशांवर चालतो, त्यातून रोज पाणी उडतं आणि तुम्ही वरून भर घालता. ती भर साध्या पाण्याची न घालता पहिल्या, न वाहणाऱ्या रिन्सच्या टाकीतल्या पोपटी पाण्याची घातली की निकेल घरी परत येतं. निम्मं जरी परत आलं तरी वर काढलेल्या आकड्यातले दीडेक लाख राहतात. झिंकच्या लाइनवर ही युक्ती लागू पडत नाही, कारण तो बाथ थंडच चालतो आणि भर घालायला जागा होत नाही. निकेलमध्येही एक किंमत मोजावी लागते: आजवर चिकटून बाहेर जाणारा बाथ आपल्याबरोबर ब्राइटनरची (चमक आणणाऱ्या रसायनाची) घाणही घेऊन जात होता. आता ती टाकीतच साठणार, म्हणजे कार्बन ट्रीटमेंट (बाथ कोळशातून गाळून साफ करणं) लवकर लवकर करावी लागणार. हे आधी सांगितलं नाही तर तीन महिन्यांनी पार्टवर डाग दिसले की तुम्ही सगळी यंत्रणा उखडून टाकाल, आणि वर मला शिव्या द्याल.

प्लेटिंग न करणाऱ्यांसाठी एक उदाहरण चटकन सांगून टाकतो. सात बारच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर कॉम्प्रेसरची साधारण तीन किलोवॅट वीज तिथून जाते. कॉम्प्रेसर चोवीस तास चालू राहिला तर तीनशे दिवसांत २१,६०० युनिट. नऊ रुपये दर धरला तर एक लाख ९४ हजार रुपये. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना शेडमध्ये उभं राहून कान द्या, कुठे फुसफुसतंय ते ऐकू येतं.

आता ग्राहक. तो दहा पैसे वाढवून देत नाही हे खरं आहे, आणि देईल अशी आशाही धरू नका. पण ग्राहकाच्या हातात रेटशिवाय आणखी एक गोष्ट असते: काम द्यायचं की नाही. पिवळ्या पॅसिव्हेशनचं (झिंकवर गंज लागू नये म्हणून देतात त्या क्रोमियमच्या थराचं) काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. युरोपने वाहनांसाठीच्या नियमांत हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे त्याचा विषारी प्रकार, वगळायला लावलं. गंजरोधक लेपांसाठीची सवलत १ जुलै २००७ ला संपली. त्यानंतर निर्यातीच्या गाडीत जाणाऱ्या पार्टला जुनं पिवळं चालेना. त्याच्या जागी आलेलं कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियम महाग होतं, पीएच आणि तापमानाला नाजूक होतं, रंग एकसारखा येत नाही म्हणून माल परत यायचा. तरी ज्यांची लाइन बसली होती त्यांच्याकडे ते काम गेलं, आणि ज्यांची नव्हती त्यांना रेट कमी करूनही मिळालं नाही. शिवाय पॅसिव्हेशनच्या पाण्यातलं क्रोमियम आधीच ट्रायव्हॅलंट असल्यामुळे ईटीपीत आम्ल आणि मेटाबायसल्फाइट घालून ते उतरवायची एक पायरी तिथे वाचली. म्हणजे यात रेट वाढला नाही, पण दार उघडं राहिलं. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केलाय. त्यातून तुमच्या मोठ्या ग्राहकाच्या खरेदी खात्याकडून पाण्याचे, विजेचे, घातक कचऱ्याचे आकडे मागणाऱ्या एक्सेल शीट येणार. त्या भरायला वैताग येतो, पण वर काढलेला निकेलचा हिशोब ज्याने ठेवलाय त्याचं ते अर्ध्या तासाचं काम आहे.

शेजाऱ्याचा मुद्दा सगळ्यात अवघड. त्याचं उत्तर मी तुम्हाला 'सचोटीने वागा' असं देणार नाही. तो रात्री सोडतो तेव्हा आजच्या दिवसापुरता तो तुमच्यापेक्षा स्वस्तच पडतो, आणि त्याला पकडणं हे प्रदूषण नियंत्रण बोर्डाचं काम आहे, तुमचं नाही. जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली बोर्ड कारखाना बंद करू शकतं, वीज-पाणी तोडायला लावू शकतं. ते वेळेवर का होत नाही यावर तुमच्याइतकाच रागावून मीही लिहू शकेन. पण तो राग बाजूला ठेवून तिरुपूरकडे बघा.

तिरुपूर म्हणजे तमिळनाडूतलं होजियरी निर्यातीचं गाव. तिथल्या रंगाई कारखान्यांचं खारट, रंगीत पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात होतं. खाली ओरतुपालयमचं धरण शेतीसाठी बांधलेलं, पण त्यात साठलेलं पाणी शेतकऱ्यांनाच नको झालं. शेतकरी कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली नदीत एक थेंबही सोडायचा नाही असं बजावलं, मुदती मागून घेतल्या गेल्या, आणि जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने सातशेच्या आसपास रंगाई-ब्लीचिंग कारखाने बंद करायला लावले. सामायिक प्रक्रिया केंद्रांना जोडलेले कारखाने एकदमच बंद झाले. त्यात रात्री सोडणारे होते आणि इमानदारीने वर्गणी भरणारेही होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. विणलेलं कापड रंगवायला दुसऱ्या गावांना पाठवावं लागलं, ऑर्डरी लांबल्या, कामगार गावी गेले.

पुढे काय झालं ते तुमच्या धंद्याला जास्त लागू आहे. केंद्रं पुन्हा उभी राहिली तेव्हा पाणी गाळून तेच परत रंगाईला वापरायचं, आणि रंगाईत लागणारं मीठसुद्धा खारं पाणी म्हणून परत फिरवायचं, असं बसवावं लागलं. स्वस्त नाहीच ते. बाष्पीभवनाला प्रचंड ऊर्जा जाते आणि तिरुपूरची रंगाई त्यामुळे महागच पडते. पण बहुतेक पाणी आतल्या आत फिरत असल्याने कोरड्या वर्षातही रंगाई चालू राहू शकते. हा खर्च हळूहळू, आपल्या सोयीने करायची संधी त्यांना होती. ती गेल्यावर कोर्टाच्या तारखेने करावा लागला. इंद्रायणीवर आळंदीला फेस आला की दर वेळी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि बोट एमआयडीसीकडे वळतं. त्यात गावांच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण सरसकट कारवाईची वेळ आली तर फेस कुणाचा किती हे कोण मोजत बसणार? तेव्हा तुमचं रेकॉर्ड, तुमचे पाण्याचे आकडे आणि रांजणगावच्या पावत्या हेच तुमच्या बाजूने बोलतील. नुसतं 'मी सोडत नाही' म्हणून चालणार नाही. त्या शेजाऱ्याकडे या पावत्या नाहीत.

आणि आता थ्रीएम. टोला योग्य जागी बसलाय. ज्या कंपनीने कचरा मुळाशी कमी करून पैसे वाचवले, त्याच कंपनीने पीएफएएस नावाची, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायनं अनेक दशकं बनवली. पिण्याच्या पाण्यात ती सापडल्यावर २०२३ साली अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना १० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यायला ती तयार झाली, आणि २०२५ अखेरपर्यंत ती रसायनं बनवणं बंद करू, असं त्याआधीच २०२२ मध्ये जाहीर करून बसली होती. यातलंच पीएफओएस हार्ड क्रोमच्या (क्रोमचा जाड, कडक थर देणाऱ्या) टाकीवर धूर दाबायला वापरलं जायचं, म्हणजे गोष्ट तुमच्या धंद्यापासून फार लांब नाही. तुम्ही यातून 'बघा, सगळं ढोंग' असा अर्थ काढता. मला दिसतं ते असं की त्या कंपनीने जिथे मुळाशी जाऊन कचरा कमी केला तिथे कमावलं, आणि जिथे माल खपतोय म्हणून डोळेझाक केली तिथे त्याच्या कित्येक पट गमावलं. दोन्ही हिशोब एकाच कंपनीच्या वहीत आहेत. तुम्ही हार्ड क्रोम करत असाल तर पुरवठादाराकडून धूर दाबणाऱ्या रसायनाची सेफ्टी डेटा शीट मागवून त्यात काय आहे ते बघून घ्या.

राहिला आयएसओ १४००१ चा प्रश्न. सल्लागार मागे लागलाय, फी मागतोय, घ्यावं का? ग्राहकाने लेखी मागितलं असेल तर घ्या, नाहीतर यंदा नको. तो पैसा आडव्या पाइपात, पीपीच्या पत्र्यात आणि एका कंडक्टिव्हिटी मीटरमध्ये (पाण्यात क्षार किती विरघळलेत ते दाखवणाऱ्या) घाला. त्याआधी पहिल्या रिन्सच्या पाण्याचा नमुना संध्याकाळी, लाइन बंद व्हायच्या आधी भरून लॅबला निकेलसाठी पाठवा, आणि त्या दिवशी किती पाणी वाहिलं तेही लिहून ठेवा. माझा तासाला एक लिटरचा अंदाज तुमच्या लाइनला जास्त आहे की कमी, ते तेवढ्यावरून निघेल. आकडा इथेच खाली टाका, हिशोब नव्याने मांडू.