पगारवाढीमुळे हातात येणारी रक्कम कमी होते का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुरात आयकराविषयी तीन दावे केलेले आहेत. उत्पन्न वरच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त दराच्या उत्पन्न-टप्प्यात, गेले की सगळ्याच रकमेवर वरचा दर लागतो, म्हणून थोडकी पगारवाढ घेऊ नये, हा पहिला. कंपन्यांना २२ टक्के आणि नोकरदाराला ३० टक्के कर आहे, हा दुसरा. आणि आयकराचा सगळा पैसा केंद्राकडे राहतो, राज्याला त्यातून छदामही मिळत नाही, हा तिसरा. अशा मजकुरावर विसंबून कोणी बढतीबाबत निर्णय घेतला, तर भुर्दंड त्यालाच बसेल.

पहिला दावा मुळातच चुकीचा आहे. स्लॅबचा दर त्या स्लॅबमध्ये पडणाऱ्या रकमेपुरताच लागतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही आणि त्यापुढे दर ४ लाखांना ५, १०, १५, २०, २५ असा दर चढत जाऊन २४ लाखांच्या वरच्या रकमेवर ३० टक्के होतो. करपात्र उत्पन्न २४ लाख असेल, तर कर ३ लाख होतो. ते २५ लाख झाले, तर वाढलेल्या एका लाखावर ३०,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकराचे (करावरचा जादा कर, म्हणजे सेस) १,२०० रुपये द्यावे लागतात, म्हणजे ६८,८०० रुपये हातात उरतात. ‘३० टक्क्यांच्या स्लॅबमधला’ हा माणूस उपकर धरून एकूण उत्पन्नाच्या पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास कर भरत असतो.

तरीही ही भीती अगदीच निराधार नाही, कारण स्लॅबची रचना वेगळी आणि रिबेटची, म्हणजे ठरावीक उत्पन्नापर्यंत मिळणाऱ्या करमाफीची, वेगळी. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर रिबेटमुळे ६०,००० रुपयांचा कर पूर्ण माफ होतो. १२ लाख ओलांडले की रिबेट जाते. हा खड्डा बुजवण्यासाठी मार्जिनल रिलीफची तरतूद आहे, म्हणजे १२ लाखांवर जितके उत्पन्न जास्त, त्याहून जास्त कर आकारला जात नाही. १२,१०,००० रुपयांवर स्लॅबप्रमाणे ६१,५०० रुपये कर होतो, पण भरायचा १०,००० रुपयेच. उपकर मात्र त्यानंतर लागतो आणि एकूण देणे १०,४०० रुपये होते, म्हणजे १०,००० जास्त कमावून ४०० रुपयांचा तोटा होतो. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात वाढीव उत्पन्न असे करातच जाते. जुन्या करप्रणालीत ५ लाखांच्या रिबेटला असा रिलीफही नसल्यामुळे तिथे मर्यादा ओलांडताच कर एकदम लागतो आणि ही पायरी खरोखर उंच आहे. मजकुराने याच दोन जागा दाखवल्या असत्या, तर तो उपयोगी ठरला असता. त्यांवरून सगळ्याच स्लॅबबद्दल निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे आहे.

कंपन्यांची तुलनाही अर्धवट आहे. २२ टक्क्यांचा पर्याय २०१९ साली आला. बहुतेक सवलती सोडणाऱ्या देशी कंपनीलाच तो मिळतो आणि अधिभार (करावरची आणखी एक जादा आकारणी, म्हणजे सरचार्ज) व उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. महत्त्वाचे हे की कंपनीला स्लॅबच नाहीत. ५ लाख नफा झालेली छोटी कंपनी पहिल्या रुपयापासून कर भरते, तर तितक्याच करपात्र उत्पन्नाच्या नोकरदाराला नव्या प्रणालीत काहीच भरावे लागत नाही. शिवाय २०२० पासून लाभांशावर भागधारकाच्या हातात पुन्हा कर लागतो. १०० रुपये नफ्यातून कंपनीचा कर जाऊन उरलेले ७४.८३ रुपये वाटले आणि भागधारक ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असला, तर शेवटी त्याच्याकडे साधारण ५१.५० रुपये राहतात.

तिसऱ्या दाव्याला राज्यघटनेतच उत्तर आहे. शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर केंद्र आकारते आणि शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे. पण केंद्राने गोळा केलेला आयकर अनुच्छेद २७० नुसार राज्यांसोबत वाटला जातो. केंद्र आणि राज्यांमधले करवाटप सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी वाटपयोग्य करांचा ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठेवला. याखेरीज राज्य स्वतः व्यवसाय कर घेते, ज्याला घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महापालिका आयकर घेत नाही, तिचा मालमत्ता कर वेगळा. राज्याच्या हक्काची बाजू मांडायचीच असेल, तर अधिभार आणि उपकर या वाटपातून वगळलेले आहेत, यावर बोट ठेवावे. तिथे तक्रारीला खरा आधार आहे.