गुळाने अ‍ॅस्बेस्टॉस निघत नाही, मामा!

मामांची छातीची तपासणी ठरली होती, ती त्यांनी परस्पर रद्द केली. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निर्धोक असतो. नाकाला रुमाल बांधला की पुरे. रोज गूळ खा, छातीतली धूळ उतरते. काम सोडून दहा वर्षं झाली की धोका संपला.’ मामांची उभी हयात अ‍ॅस्बेस्टॉस घातलेल्या सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात गेली. आता एक जिना चढला तरी धाप लागते.

आधी गूळच घेते, कारण तपासणी त्यानेच हुकवली. गूळ जातो पोटात आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे रुतलेत फुप्फुसाच्या पार टोकाच्या वायुकोशांत. दोघांची गाठ पडणार कुठे? अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचे सुईसारखे धागे. आत शिरलेली धूळ फुप्फुसातल्या पेशी गिळतात, पण लांब धागा त्यांना गिळवत नाही. तिथे दाह होत राहतो, व्रण धरतात आणि वर्षानुवर्षं फुप्फुस कडक होत जातं. ते पुन्हा मऊ करणारं औषध डॉक्टरांकडेही नाही.

आता कुणीतरी लखनौचा दाखला काढेल. घ्या तोही. तिथल्या औद्योगिक विषविज्ञान केंद्राचा गुळावरचा अभ्यास १९९४ साली छापून आला, त्यात थोडा गुण दिसला, हे खरं आहे. पण तो होता उंदरांवर, आणि कोळशाच्या नि सिलिकाच्या धुळीसाठी. पत्र्याच्या कारखान्यातला कामगार त्यात कुठून आला?

‘पांढरा निर्धोक’? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२च्या अहवालात पांढरा, निळा, तपकिरी, सगळेच प्रकार माणसात कर्करोग घडवतात असं स्वच्छ लिहिलंय. निळा जास्त घातक, कबूल. पण आपल्याकडच्या पत्र्यांत पडतो तो पांढराच, तेव्हा तो निर्धोक ठरवण्यात कुणाची सोय आहे ते ओळखा.

रुमालाबद्दल काय बोलायचं! नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धागा कापडातून आरामात आत जातो, शिवाय कपड्यांवर बसून घरी येतो तो वेगळाच.

आणि दहा वर्षांचं गणित तर साफ उलटं आहे. हे आजार बहुधा दहा ते चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. म्हणूनच १९९५ साली सुप्रीम कोर्टाने अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितली.

मामांसाठी नवी तारीख घेतलीय. गूळ खा हवा तेवढा, पण मामा, ती विडी टाका. विडी आणि हे धागे मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढवतात, आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.